दुसऱ्यांदा मीठ

नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार. मोक्पो, आठवा मजला.
बाथटबमध्ये कोबीचे सोळा गड्डे,
उभे चिरून बत्तीस.
अंघोळी आता परवा.

आईनं पान न् पान उचलून खडेमीठ पेरलं,
बंदरावर मासळी विकायची तेव्हा
नोटा मोजायची, तोच अंगठा.
मग घटकाभर पडली.
उठली, आणि पुन्हा पोतं ओढत आली,
"अगं, मीठ घालायचं राहिलंच की!"

मी दारात उभी होते.
हात धरता आला असता.
नाही धरला.

(ग्वांगजूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
चुका मोजू नका.
मी कुठे मोजते? मीठ मोजते.)

रात्री दोन वाजता पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून
मी टबात उतरले.
एकेक अर्ध नळाखाली धरायचं, पिळायचं,
देठाचा तुकडा चावून बघायचा.
खारट.
पुन्हा पाणी.
खारट. जीभ सुकटीसारखी.
बोटांच्या भेगांत मीठ शिरून
कुठे कुठे चिरलं गेलंय ते सांगू लागलं.

हानग्योल उठून आला,
परीक्षा आठवड्यावर, डोळे तांबारलेले.
काही विचारलं नाही. दुधात रामेन शिजवलं,
वर चीजची चकती, नि पातेल्यासकट येऊन
कमोडचं झाकण पाडून त्यावर बसला.
माझे हात ओले, म्हणून
काड्यांनी तोच भरवत राहिला.
"आजीला कळलं, दुधात रामेन, तर?"
"आजीच म्हणाली परवा, चीज दोन टाक."

तिसऱ्या पाण्यानंतर मी थांबले. गुडघे थांबले, खरं तर.

सकाळी आईचे लाल रबरी हातमोजे.
तांदळाची पेज, तिखटपूड, खारवलेली कोळंबी,
लसूण, मुळ्याचा कीस. एकही माप नाही,
एकही चूक नाही.
हातांना सगळं पाठ होतं,
पानांच्या घड्यांत शिरून ते
बाहेर येत होते लालभडक.
मधलं कोवळं पान तोडून तिनं चाखलं,
खिडकीबाहेर पाहत राहिली. बोलली नाही.

दुपारी डुकराचं मांस शिजलं,
सोयाबीनचा आंबवलेला गोळा आणि चमचाभर कॉफी घालून.
(कॉफी माझी. तिला ती पूर्वी थेरं वाटायची.)
तिनं वाफाळता काप ताज्या किमचीत गुंडाळला,
तोंडात मावणार नाही एवढा,
आणि माझ्या तोंडात कोंबला,
बोलू नये म्हणूनच बहुतेक.

"किती पाणी काढलंस?"

मी तीन बोटं दाखवली.

"दोनदा मीठ पडलं की चार लागतात," ती म्हणाली,
आणि पुढचं पान तोडायला
खाली वाकली.