इथलं ऊन आपल्यासारखंच

शाल्मलीनं फोनवर फोटो दाखवला :
हे माझं डिपार्टमेंट, आबा, ही लायब्ररी, हे लॉन.
मी दोन बोटांनी फोटो मोठा केला,
आणखी मोठा,
गच्च्या तपासत गेलो.
"काय पाहून राहिले एवढं?"
झाडं, म्हटलं.

खामल्याच्या या घरात कूलर गुरगुरतो,
वाळ्याचा ओला वास भिंतींना लागतो.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री.
डांबर मऊ पडून चपलेला धरतं
तेव्हा माझं शरीर, चौऱ्याऐंशीव्या वर्षीही,
आडोसे मोजतं :
डीपी, कडुलिंब, कचऱ्याची गाडी.

मी गेलो होतो डिंक्या शिकायला.
काटोलकडे संत्र्याची झाडं बुंध्यापाशी फुटत,
सालीतून डिंक ओघळे, तांबूस, मग वाळून काच होई,
आणि वर फांदीला फळं तशीच,
जणू झाडाला अजून कुणी सांगितलंच नाही.
बाबांनी इतवारीतलं दुकान गहाण टाकलं
माझ्या तिकिटासाठी.

पावणेबारा वाजले होते.
पहिला आवाज मला सुतळी बॉम्ब वाटला.
खरंच. मनात आलं, इथेही कुणाची वरात आहे.
मग एक सायकल पडली,
तिचं चाक फिरत राहिलं,
चालवणारा उठला नाही.

दगडी कठडा होता, मी एकटा मावेन एवढाच.
माझ्यापासून चार हातांवर एक पोरगा, उताणा,
सिमेंटवर.
आमच्या गच्चीसारखं तापलेलं सिमेंट.
आई तिथे सांडगे घालायची, नऊच्या आत,
नंतर पाय ठरत नसे.
तो पाठ उचलायला बघत होता. चटका बसत होता त्याला.
गोळी लागलेल्या माणसाला चटकाही लागतो
हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

तो काहीतरी म्हणाला.
माझं इंग्रजी, मॅट्रिकला जिल्ह्यात दुसरं आलेलं,
कुठे गेलं कुणास ठाऊक.
मी म्हटलं, थांब बे. येऊन राहिले लोक.
थांब, भाऊ.
त्यानं मान हलवली. मी पाहिलं,
त्यानं मान हलवली.

माझ्या थर्मासात पाणी होतं.
चार हात म्हणजे किती, ते मला विचारू नका.
झीरो माईलच्या दगडावर गावोगावची अंतरं कोरली आहेत,
त्यात ते नाही.

दीड तासानं शिट्ट्या, माणसं, चादरी.
कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारलं, ठीक आहेस ना?
हो म्हटलं, इंग्रजीत.
ते परत आलं होतं.

पोराचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात मिळालं.
डिंक्याच्या वहीत, शेवटच्या पानावर,
मी ते देवनागरीत लिहिलं,
तिथे कुणाला वाचता येऊ नये म्हणून.
आणि घरी पत्र :
ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.
प्रकृती ठीक. इथलं ऊन आपल्यासारखंच.
बाबांचं उत्तर महिन्यानं आलं :
टोपी घालत जा. खिशात कांदा ठेव.

परतलो त्या वर्षी पोळ्याच्या पाडव्याला
पिवळी मारबत निघाली.
सगळी इतवारी ओरडत होती,
घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा,
खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा.
मीही तोंड उघडलं.
काय घेऊन जा म्हणायचं होतं?
वर मनोऱ्यात होता त्याला,
की ते चार हात?
मारबत पुढे निघून गेली.
बाजूच्या माणसानं मला पाणी दिलं, म्हणाला,
घ्या काका, ऊन लागलं तुम्हाला.
तेव्हा मी काका नव्हतो, सत्तावीसचा होतो.

वही अजून आहे. वाळवीनं कडा खाल्ल्या,
शेवटचं पान सोडून.
कधी वाटतं, शाल्मलीला वाचता येतं,
तिच्या हाती द्यावी.

जुलैत तिची बॅग भरली. तेवीस किलो, काट्यावर.
मी कडेनं एक कांदा सरकवला.
"आबा! कस्टमवाले काढून टाकतील."
टाकू देत, म्हटलं.
इथून तर ने.