रकाना सहावा

पंचायतीच्या भिंतीवर मी निळ्या रंगाने लिहिलं:
रोज दहा मिनिटं बाळाशी बोला.
रंग होडीचा. हिराबायच्या दिराने उरलेला दिला,
दाट झालेला, म्हणून 'बोला'मधला 'ला'
वल्ह्यासारखा लांब आला.

तालुक्याहून आलेल्या तक्त्यावर
सफरचंद होतं, रेल्वे होती, बर्फातलं अस्वल होतं.
जुन्या कॅलेंडरचे कागद चिकटवून
मी त्यावर बांगडा काढला, कोयती काढली,
आंब्याची पेटी, होडीचा नांगर.
अस्वल तेवढं ठेवलं. पोरांना आवडलं होतं.

शकिला होडेकरच्या नवऱ्याने टमटमवर भोंगा बांधून दिला.
पहिल्या फेरीत काय ऐकू गेलं कोण जाणे,
लोकांनी जुने पत्रे आणि फुटक्या बादल्या
भंगारवाल्यासाठी बाहेर काढून ठेवल्या.

मग पायीच.
लिलावाच्या वेळी बंदरावर कोणी कोणाचं ऐकत नाही,
दुपारी कोळंबी सोलताना बायका सापडतात.
म्हटलं, हात गुंतलेत, तोंड तर मोकळं आहे ना?
ही मोठी, ही बारकी, ही टोपातून उडाली,
एवढंच सांगा पोराला.
हिराबाय हसली: "ह्यां आमच्या म्हाताऱ्याक सांग.
चाळीस वर्सां झाली, धा मिनिटां बोलूक नाय माझ्यावांगडा."
मांडीवर नातू, तीन पूर्ण,
हवं ते बोटाने दाखवणारा.
"तेचो बापूस पण उशिरानच बोललो."
असेल. मी चिठ्ठीवर लिहिलं:
कान तपासणे, शुक्रवार, देवगड.
तिने ती चिठ्ठी कमरेला खोचली,
खवल्यांसकट.

सड्यावरच्या कलमांच्या बागेत राखणदाराचं बिऱ्हाड आहे,
नेपाळकडचं.
मुलाचं नाव बिबेक.
हजेरीपटावर मी विवेक लिहिला होता,
चूक सुधारावी तसा.
सहावा रकाना: मूल बोलते ते शब्द.
जूनला शून्य. जुलैला शून्य. ऑगस्टला मी शून्य
न विचारताच भरलं.

पबित्रा दारात उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.
भिंतीवरचं वाक्य तिला पाठ होतं.
"मराठी नीट येत नाही, दीदी.
चुकीचं शिकेल तो.
म्हणून मी बोलतच नाही त्याच्याशी."

तिसरीत असताना 'आसा' म्हटलं म्हणून
गुरुजींनी मला बाकावर उभं केलं होतं.
महिनाभर मी घरी 'आहे, आहे' करत राहिले,
आणि आई भाकरी थापता थापता विचारायची,
"काय झालां गो तुका?"
हे मी पबित्राला सांगितलं नाही.
पिशवीतून तक्ता काढला, बांगड्यावर बोट ठेवलं:
तुमच्याकडे काय म्हणतात?

तिने आधी मागे पाहिलं, मालक नाही ना ते.
मग हळू: "माछा."
मग कुत्र्याचं नाव, चुलीचं, डोंगराचं,
मग काहीतरी लांबलचक, मला न कळलेलं,
ज्यावर ती एकटीच हसली.
कोपऱ्यात आंब्याचं पान फाडत बसलेला मुलगा
तिच्या तोंडाकडे बघत राहिला,
कायम बंद असलेलं दुकान अचानक उघडावं तसा.

भिंतीवरच्या ओळीत मी 'तुमच्या भाषेत' घातलं.
निळा संपला होता, लाल मिळाला.
लांबून दुखापतीसारखं दिसतं.

हिराबायच्या नातवाच्या कानातून बराच मळ निघाला,
शब्द अजून नाही.
पुढच्या शुक्रवारी परत जायचंय,
टमटमच्या भाड्याचं बघायला हवं.

अठ्ठावीस तारखेला पर्यवेक्षिका आल्या.
बोट सहाव्या रकान्यावर थांबलं.
"सात लिहिलेत. यातले पाच तर मराठी नाहीत. धरायचे?"
धरा, म्हटलं.

त्या गेल्यावर हजेरीपट पुन्हा उघडला.
नावात दोन 'व' होते.
दोन्ही खोडून 'ब' केले.
कागद जरा फाटला.