हात राखून

मुदस्सर म्हणाला, मॅडम, आता तरी बदलू.
हा कंपायलर माझ्याहून वयाने मोठा आहे.
मी म्हटलं, माझ्याहून लहान आहे ना,
मग राहू दे.

बाहेर त्रेचाळीस अंश, होटगी रस्त्यावर कुत्रंही नाही.

एकोणनव्वद साली लिहिलेला प्रोग्रॅम.
कोरडवाहू रब्बी, काळी माती, चार थर,
कोणत्या थरात किती ओल
आणि त्यावरून मालदांडीचा उतारा.
फोरट्रानच्या साडेतीन हजार ओळी
सगळ्या कॅपिटल अक्षरांत,
जणू कुणी बांधावरून हाका मारतंय.

तेव्हाच्या मशीनला स्वतंत्र खोली होती.
केंद्रातला एकुलता एक एसी
संचालकांना नव्हता, तिला होता.
मे महिन्यात सगळ्यांनाच तिथे काम निघायचं.
ती गेली. खोलीत आता बियाण्याची पोती.
कंपायलर मात्र मी फ्लॉपीवरून सीडीवर,
सीडीवरून पेनड्राइव्हवर
नेत राहिले, विरजणासारखा.

मी नव्याच्या विरुद्ध नाही. लोकांना वाटतं तसं.
साखर पेठेत आमच्या घरी माग होता.
ताणा संपत आला की नवं बीम चढायचं,
आणि आई खाली वाकून
एकेक जुनं टोक एकेका नव्या टोकाला सांधायची.
दोन हजार चारशे टोकं,
रात्रभर, तेलुगूत मोजत.
एक टोक चुकलं तर चादरभर रेघ.
व्यापारी ती रेघ बोटाने शोधायचाच.
म्हणून 'एका क्लिकवर अपग्रेड' ऐकलं
की माझी बोटं दुखतात.

शनिवारी बसलो शेवटी.
पहिल्या फेरीत दोनशे सतरा चुका.
मुदस्सर हसला नाही, हे त्याचं चांगलं.
बहात्तराव्या रकान्यापलीकडे गेलेली अक्षरं,
कुठे स्वल्पविराम, कुठे मीच.
दुपारी उरल्या चार. चहानंतर शून्य.
मग चालवला,
आणि उतारा आला
हेक्टरी उणे नऊ लाख क्विंटल.

सापडलं ते असं:
तिसऱ्या थराची सुरुवातीची ओल
मी कधी भरलीच नव्हती.
जुना कंपायलर न बोलता तिथे शून्य घालायचा,
घरातलं मोठं माणूस
पाहुण्यांसमोर आपली चूक झाकतं तसा.
नवा झाकत नाही.
जे सांगितलंच नाही त्या जागी
पडलेला केर उचलून देतो,
म्हणतो, हेच होतं इथे.

शून्य! काळ्या मातीत, दोन फूट खाली.
आणि त्याच ओळीच्या डोक्यावर
माझीच टिप्पणी, रोमन लिपीत:
नंतर बघू.

पस्तीस वर्षं माझा अंदाज कमी यायचा
आणि पीक त्याहून बरं निघायचं.
दासरी मॅडम हात राखून सांगतात,
म्हणायचे बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत.
त्यावर मला एक शाल मिळाली, एक नारळ,
मंगळवेढ्यात एक लांबलचक भाषण.
मीही धरून चालले, की असेल,
हा माझा स्वभाव असेल.

कपाटातून रजिस्टर काढलं.
खड्डा सात, तिसरा थर. गुरसिद्धप्पांचं अक्षर,
वेलांटी नेहमी उलटी.
कमरेइतक्या खड्ड्यात उभे राहून
ढेकूळ चुरगाळत ते वर बघायचे:
आहे बाई, खाली ओल आहे.
अठ्ठावीस टक्के, लिहिलेलं आहे.
मी कार्यालयात होते. सावलीत.

आकडा भरला.
उतारा वाढला हेक्टरी दीड क्विंटल.
मुदस्सर म्हणतो, एवढा फरक चालतो,
त्रुटीच्या मर्यादेत बसतो.
बसतो.
ऑगस्टात मी निवृत्त होतेय,
मीही बसेन कुठेतरी.

ही ओळ काढू का, त्याने विचारलं,
कर्सर 'नंतर बघू'वर लुकलुकत होता
आणि दिवे जातील अशी लक्षणं होती,
पंखा मंदावलेला.
थांब, म्हटलं.
आधी सेव्ह कर.