अनुक्रमांक सतरा

स्नेहलतागंजातल्या दवाखान्यात
दर माघात तारेबाई त्याला घेऊन यायच्या.
टेबलावर मावायचाच नाही ग्रेट डेन,
मग आम्हीच खाली, गादीशेजारी.
छातीवर भादरलेला चौकोन, गार जेल,
आणि पडद्यावर डावा कप्पा:
दरवर्षी मिलिमीटरभर मोठा,
धुऊन धुऊन सैल झालेल्या बाहीसारखा.

चोवीस तास अंगावर यंत्र बांधून घरी पाठवायचो.
सोबत वही. कधी झोपला, कधी जेवला.
बाईंचं अक्षर बारीक, मास्तरणीचं:
‘७.१२. कचरागाडीचं गाणं. उठून शेपूट.’
पट्टीवरही बरोबर ७.१२ला
ठोक्यांची एकच धांदल.
डॉक्टर पुराणिकांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं, आनंद.
त्यासाठी रकाना नव्हता.

अभ्यास बारा वर्षांचा.
कुत्र्याचं आयुष्य आठाचं, फार तर नऊ.
हे गणित पहिल्या पानापासून सगळ्यांना ठाऊक.

या माघात बाई एकट्याच आल्या,
पट्टा पर्समध्ये.
म्हणाल्या, त्याची ती सकाळ दाखवता?
मी कागद उलगडत नेला, व्हरांड्याच्या टोकापर्यंत.
बाईंनी चपला काढल्या,
कडेकडेनं चालत गेल्या,
७.१२पाशी वाकल्या.

अठरा नंबर बाहेर भुंकत होता.