पाणी फुटतं का बघ

सकाळी मायनं डोक्यावर तेलाचं बोट ठेवलं
तशी मी मान काढून घेतली.
मिस्त्रीचं सांगणं आहे, कामाच्या दिवशी
केसाला तेल नाही, डब्यातल्या चटणीला तेल नाही,
हातमोज्याच्या आतसुद्धा हात कसा पायजे लेकरा,
पुसलेल्या पाटीसारखा.

उदगीरच्या सरकारी दवाखान्यामागं
पत्र्याच्या सावलीत तांब्याचे पाइप रचलेत.
वीस खाटांना ऑक्सिजन जायचाय ह्यांतून.
बाहेरून इतके लखलखीत
की माझंच तोंड लांबुळकं होऊन दिसतं.
पण कारखान्यात ओढताना लावलेलं तेल
आत अजून बसून आहे.
वास नाही, रंग नाही,
बोटाला लागतं तेवढंच.

"तेल आन् ऑक्सिजन," खाजामिस्त्री म्हणतात,
"एका नळीत नांदत न्हाईत.
काडी लावायची पण गरज न्हाई.
नुसता दाब पुरतो."

मी गप ऐकतो.
आमच्या घरी लाकडी घाणा होता.
बाप करडई गाळायचा,
सदरा कितीदा उकळला तरी
कॉलरची पिवळी कड तशीच.
लाइट गेलेली असली तरी
तो दारात आलाय हे वासावरून कळायचं.
तो जन्मभर तेल काढायचा.
मीही तेलच काढतो,
साडेपाचशे रोजानं.

ड्रममध्ये सोड्याचं पाणी उकळतं.
एका तोंडाला बूच, पाणी भर, घुसळ, ओत.
दोरीला पांढरं फडकं बांधून
ह्या तोंडानं घाल, त्या तोंडानं ओढ.
पहिलं फडकं काळपट हिरवं.
दुसरं पिवळं.
तिसरं माझ्या मते पांढरं.
मिस्त्री ते उन्हात धरतात आणि म्हणतात,
"तुझ्या मते."

मग पाइप तिरका धरून साधं पाणी.
टॉर्च लावून आत बघायचं.
पाणी सलग पसरलं तर साफ.
थेंबाथेंबानं फुटलं,
एखाद्या जागेला वळसा घालून गेलं,
तर तिथं तेल आहे.
"फडकं एकादबारी खोटं बोलंल. मी पण बोलंन.
पाण्याचं अन् तेलाचं जमतच न्हाई,
म्हणून त्याला इचारायचं."

सतराव्या पाइपच्या तोंडाशी
पाणी फुटलं.
अंगठ्याएवढी जागा.
माझ्याच अंगठ्याएवढी.
दोरीची गाठ बसेना म्हणून मोजा काढला होता,
त्याआधी कानामागचा घाम पुसला होता,
आणि मान काढून घेतली तरी
मायचं बोट तिथं लागलेलं होतं.

मिस्त्रींनी पाइपकडं बघितलं, मग माझ्याकडं.
रागावले असते तर बरं झालं असतं.
"परत," एवढंच म्हणाले.
परत सोडा, परत फडकं, परत पाणी.
ह्या खेपेला ते न थांबता खाली आलं
आणि माझ्या बुटात शिरलं.

नायट्रोजन मारून सुकवलेल्या पाइपांना
संध्याकाळी दोन्ही तोंडांना टोप्या घातल्या.
सतराव्याला घालायच्या आधी
डोळ्याला लावून बघितलं:
पलीकडं वॉर्डाची खिडकी,
गजावर वाळत टाकलेलं
कुणाच्यातरी लेकराचं झबलं.

घरी माय बाटली घेऊन बसलेलीच.
उद्या जोडणी आहे म्हणालो.
तिनं बाटलीला बूच लावलं,
थोडा वेळ तशीच बसली,
मग बूच परत काढलं
आणि डब्यात नाही, ताटातल्या चटणीवर
लांब धार सोडली.
"हे तर चालतंय ना?"

मी आधी हात धुतले,
मग जेवलो,
मग पुन्हा धुतले.
नळाखाली हात धरून
पाणी फुटतं का बघत राहिलो.