बूच

टिटवी विकायची का, हा प्रश्न
दर वर्षी द्राक्षाची खुडणी जवळ आली की निघतो,
कारण बेंडकुळ्यांना शेड लागते.
क्रेट असतात, ब्लोअर असतो,
आणि मधोमध माझी साडेतेरा फुटांची शिडाची होडी
ताडपत्री पांघरून
बाळंतिणीसारखी पडलेली.
बेंडकुळे स्वतः काही बोलत नाहीत.
चहा देतात, मग विचारतात,
"ताई, यंदा वारा कसाय?"
तेवढ्यावरून मी समजायचं.

नऊ वर्षांत अकरा वेळा पाण्यात गेली.
अकरा. मी हिशेबाची बाई आहे.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
नोटांची बंडलं मोजली, दुसऱ्यांच्या,
आणि रोज निघताना झडती दिली.
ग्रॅच्युइटी आली तेव्हा वाटलं,
झडतीत सापडणार नाही असं काहीतरी घ्यावं.
पुण्याहून टेम्पोतून आली.
चंदनापुरी घाटात दोर सुटला होता म्हणे.
भालचंद्र म्हणाला,
"बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि बाईसाहेबांनी जहाज आणलंय."

शहर सकाळी पेपरात धरणाचे टक्के वाचतं
ते नळासाठी.
मी वाचते, सुकाणू तळाला घासेल का म्हणून.
बासष्ट म्हणजे गंगावऱ्याकडचा खडक बुडालेला.
चाळीसला त्याची पाठ दिसते, म्हशीसारखी.
एकवीसला जाऊच नये.
पण बासष्ट होते तेव्हा गुडघा सुजलेला,
सत्तरला पुतण्याचं लग्न,
पंचाऐंशीला भालचंद्र आयसीयूत,
आणि त्यानंतर एक सबंध वर्ष
मी टक्के वाचलेच नाहीत.
नळाला पाणी येत होतं,
त्यावरून धरण असणार.

काल वायनरीवाला आला, हर्षल थेटे.
पांढरे बूट. शेडमधल्या चिखलातून
बगळ्यासारखा पाय उचलत आला.
"मावशी, लॉनवर ठेवणार. शिडावर दिवे सोडू,
आत माती भरून बोगनवेल.
लोक फोटो काढतील."
किंमत सांगितली. माझ्या खरेदीपेक्षा जास्त.
माझ्या अंगठ्याने हवेतच नोटा सरकवल्या,
सवय, दुसरं काय.
मग तो म्हणाला,
"फक्त बुडाला चार-पाच भोकं पाडावी लागतील,
पाणी साचायला नको."

तिला एक भोक आहे.
बनवणाऱ्यानेच ठेवलेलं,
काठावर आल्यावर आतलं पाणी सोडायला.
त्याचं पितळी बूच माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतं,
गोदरेजच्या आणि दुधाच्या पेटीच्या किल्लीमध्ये.
सातव्या खेपेला घरी राहिलं.
अंजनेरीवरून वारा मस्त सुटलेला,
आणि आमचे घोटे ओले.
भालचंद्रने भोकात अंगठा घातला.
त्याला पोहता येत नव्हतं,
शिव्या मात्र येत होत्या.
चाळीस मिनिटं,
मी शीड ओढत, काठ शोधत,
आणि तो अंगठ्यावर सगळं धरण तोलून
माझ्या माहेरचा उद्धार करत.
काठाला लागलो तेव्हा अंगठा पांढराफटक,
सुरकुतलेला.
रात्री वरणभात खाताना मला दाखवला.
"ही बघ, तुझी हौस."

थेट्यांना म्हटलं, सोमवारी सांगते.
बेंडकुळ्यांना म्हटलं, शेड मोकळी होईल.
दोन्ही खरंच बोलले,
कसं जमायचं ते मला माहीत नाही.

आज पेपरात अठ्ठावन्न.
दुपारी एकटीच गेले. ताडपत्री उचलली,
वाकून बुडाशी हात घातला
भोक चाचपायला, उगीचच,
आणि बोट आत जाईना.
कुंभारणीने मातीचं घर केलंय तिथे,
गोल, गुळगुळीत, वाळून टणक.
खरवडायला जुडगा काढला,
बूच किल्ल्यांवर वाजलं,
आणि थांबले.

आत कुणी आहे का,
ते आधी बघायला पाहिजे.