निखळलेला दगड

अकरा वर्षं मी ही बस चालवतोय
आणि नेमेसिया अकरा वर्षं तेच सांगतेय:
"दोन दगडांच्या मध्ये सुरीचं पातंही शिरत नाही."
मग कुणीतरी पाकिटातून कार्ड काढतं,
फटीत घालून बघतं.
नाही शिरत.

खिंडीत, चार हजार तीनशे मीटरवर
मी इंजिन बंद करतो. त्याला धाप लागते.
लोकांनाही लागते. कोकाची पानं गालात धरून
ते अल्पाकाचे फोटो काढतात.
अल्पाका माझ्या मेव्हण्याचा. फोटोमागे एक सोल.

खाली अवशेषांत, पश्चिमेच्या भिंतीला
तिसऱ्या थरात एक खिंडार आहे,
दुधाचा दात पडावा तसं.
"इथला कुठे गेला?" विचारतंच कुणीतरी.
"भूकंप," नेमेसिया म्हणते
आणि छत्री उंच धरून पुढे चालू लागते.

मी पाहिलाय तो.
तिच्या आईच्या चुलीशी आहे,
तीन कोपरे धड, चौथा
खेचराच्या पाठीवरून पडून फुटलेला.
म्हातारी त्यावर सुकवलेले बटाटे ठेचते,
गिनीपिग त्याच्या उबेला झोपतात.
मागच्या जूनमध्ये टायर फुटला, बर्फ पडत होता,
त्या रात्री मीही त्यालाच पाठ लावून बसलो.
"सासऱ्यानं आणला," म्हातारी म्हणाली,
"तिकडे कुणी राहत नव्हतं.
इकडे लेकरू काकडत होतं."

आज शेवटच्या सीटवरची मुलगी
वही उघडून विचारते:
भूकंप, कोणत्या साली?

नेमेसिया आरशातून माझ्याकडे बघते.
मी हॉर्न वाजवतो, लांबलचक.
रस्त्यावर एकही लामा नाही.